‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ : आठ महिन्यांच्या सोबतीनंतर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ही कादंबरी आमच्या नाशिकमधल्या रविवारच्या वाचनगटात आली. आम्ही सहा जण. दोघांनी दोनशे पानांच्या आतच ती ठेवून दिली, पंचवटीतल्या काकूंनी मधलं वगळत शेवट गाठला, सरांनी आणि माझ्या नणंदेने नीट पूर्ण केली आणि मी सध्या दुसऱ्यांदा वाचते आहे. एका पुस्तकावरून इतकी टोकाची मतं आमच्याकडे याआधी कधी निघाली नव्हती. वाचून झाल्या झाल्या लिहिलं नाही हे बरंच झालं, कारण तेव्हा मी जे ठासून सांगत होते त्यातलं निम्मं आज मलाच पटत नाही.

सुझॅना क्लार्क या इंग्लिश लेखिकेची ही पहिली कादंबरी. लिहायला तिला दहाएक वर्षं लागली. २००४ साली प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी बुकरच्या लाँगलिस्टमध्ये गेली आणि २००५मध्ये तिला ह्यूगो आणि वर्ल्ड फँटसी असे दोन्ही पुरस्कार मिळाले. कथा १८०६ साली यॉर्क शहरात सुरू होते. तिथे जादूगारांचं एक मंडळ आहे. हे लोक जादूवर निबंध वाचतात, वाद घालतात, जादू मात्र कुणीच करत नाही. ‘इंग्लंडात आता जादू का होत नाही?’ असा साधा प्रश्न एक नवा सभासद विचारतो आणि शोध घेत मिस्टर नॉरेलच्या दारात पोचतो. नॉरेलकडे जादूच्या ग्रंथांचा प्रचंड साठा आहे आणि त्याला खरोखरची जादू येते. पुढे जोनाथन स्ट्रेंज नावाचा तरुण त्याचा शिष्य होतो, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात वेलिंग्टनच्या सैन्यासाठी रस्ते आणि डोंगर इकडचे तिकडे करतो, आणि गुरुशिष्यांचं बिनसतं. शेवट सांगत नाही.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, फँटसीचे जाडजूड खंड आठवड्यात संपवणारा. तो १८० पानांवर थांबला. “मावशी, पुस्तकाचं नाव ज्याच्यावरून आहे तो माणूसच अजून धड आलेला नाही!” त्याचं म्हणणं खरं आहे. स्ट्रेंज नीट पुढे येईपर्यंत दोनशेहून जास्त पानं उलटतात. या जादूला नियम नाहीत, कुणाची ताकद किती हे कळत नाही, ही त्याची दुसरी तक्रार. तीही खरी. तुम्हाला डावपेच आणि झटापटी हव्या असतील तर हे पुस्तक घेऊ नका, एवढं मी स्पष्टच सांगेन. सरांचं नेमकं उलट. ते निवृत्त इंग्रजी शिक्षक, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीवर त्यांचा जीव. लेखिकेने काही शब्दांची स्पेलिंगसुद्धा त्या काळातली वापरली आहेत, दिवाणखान्यातली संभाषणं तशीच रंगवली आहेत. सर एकेक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायचे. जादू नसती तरी चाललं असतं, असं ते म्हणाले तेव्हा भाचा उठून चहा टाकायला गेला.

सगळ्यात जास्त भांडणं झाली ती तळटीपांवरून. जवळजवळ दोनशे तळटीपा आहेत, आणि काही तर पानंच्या पानं चालतात. कधीच न लिहिले गेलेले ग्रंथ, त्यांची सालं, मध्ययुगातल्या जादूगारांच्या गोष्टी, एका कावळ्यांच्या राजाची दंतकथा, सगळं त्या बारीक अक्षरात. गटातल्या माझ्या मैत्रिणीने याच कारणासाठी पुस्तक सोडलं. मीही पहिल्या वाचनात तळटीपा गाळत होते. मग जुलैत एकदा काकू म्हणाल्या, “अगं, कीर्तनात बुवा अभंग सोडून आख्यानात शिरतात तेव्हा तू उठून जातेस का?” तेव्हापासून मी तळटीप आली की मूळ मजकूर थांबवून ती आधी संपवायला लागले, आणि पुस्तकाची चालच बदलली. मुख्य कथेत जे कुणी उघड बोलत नाही ते खालच्या बारीक अक्षरात सांगितलेलं असतं. आता मला तळटीपांशिवाय ही कादंबरी कल्पनेतही वाचता येत नाही.

फोनवर वाचणार असाल तर इथेच अडेल. माझ्या फोनवर तळटीप उघडली की वाचक थेट शेवटी जाऊन पडतो आणि परत यायची जागा सापडत नाही. छापील प्रतच घ्या. पण पेपरबॅकचाही एक त्रास आहे. हजार पानांच्या आसपासचा ठोकळा, झोपून वाचताना मनगट भरून येतं. आणि पावसाळ्यातल्या दमट हवेने म्हणा की माझ्या पालथं ठेवण्याने म्हणा, सप्टेंबरात पाठीचा गोंद सुटला आणि मधली पानं मांडीवर आली. रविवार कारंज्याजवळच्या एका बाइंडरकडे नेलं. त्यांनी अनुक्रमणिका पाहिली आणि विचारलं, “ताई, याचे तीन भाग आहेतच, मग तीन पुस्तकं का करत नाही?” खरंच कादंबरी तीन भागांत आहे. चार दिवसांनी कापडी पाठीची तीन हलकी पुस्तकं हातात आली. हे मी जूनमध्येच करायला हवं होतं.

वाचण्याची हवासुद्धा महत्त्वाची, असं मला वाटतं. नॉरेल फ्रेंचांच्या बंदरासमोर पावसाच्या थेंबांची जहाजं उभी करतो ते प्रकरण मी ऑगस्टमधल्या एका रविवारी वाचलं. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं होतं, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेवर पाणी चढलं होतं, काकूंना पूल ओलांडून येता येईना. खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं इतका पाऊस. त्या प्रकरणात युद्ध असं होतच नाही, नुसती करड्या पाण्याची गलबतं शत्रूसमोर गप्प उभी राहतात. भाच्याला कंटाळवाणं वाटलेलं हेच पान मी त्या दिवशी तीनदा वाचलं.

नॉरेलवरून आमचा वाद अजून मिटलेला नाही. तो देशभरातले जादूचे ग्रंथ विकत घेऊन कुलपात ठेवतो आणि शिष्यालासुद्धा सगळे दाखवत नाही. काकूंच्या माहेरी नवनाथांच्या पोथीचं पारायण असायचं. त्यांना हे सहनच होत नाही. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना दिलं, त्यांनी धाकट्या भावाला दिलं आणि ज्ञानेश्वरांनी ते १२९० साली मराठीत सगळ्यांपुढे ठेवलं. आपल्याकडची विद्या अशी हातातून हातात आली, आणि हा म्हातारा पुस्तकांवर नागासारखा बसलाय, असं त्या तावातावाने बोलल्या. सर नॉरेलच्या बाजूने उभे राहिले. स्ट्रेंजसारख्या उतावळ्या माणसाच्या हाती सगळं एकदम पडलं की काय होतं ते तिसऱ्या भागात दिसतंच, असं त्यांचं म्हणणं. मी आधी सरांच्या बाजूची होते. दुसऱ्या वाचनात काकूंकडे गेले, कारण नॉरेलच्या सावधपणाच्या बुडाशी मला भीतीपेक्षा मत्सर जास्त दिसतो.

पण माझं मत खरं फिरलं ते नणंदेमुळे. कादंबरीत लेडी पोल नावाची एक तरुणी आहे. ती मरण पावते, आणि लंडनमध्ये आपलं वजन वाढावं म्हणून नॉरेल एका परीलोकातल्या गृहस्थाची मदत घेऊन तिला जिवंत करतो. मोबदला म्हणून तिचं अर्धं आयुष्य त्या गृहस्थाला दिलं जातं. रोज रात्री तिला त्याच्या उदास वाड्यात नाचायला जावं लागतं. ती हे कुणाला सांगू पाहते तेव्हा तोंडातून भलतीच काहीतरी गोष्ट बाहेर पडते. लोक तिला वेडी समजतात. तिच्या नवऱ्याच्या घरचा कृष्णवर्णीय कारभारी स्टीफन ब्लॅक याच फासात अडकलेला आहे, आणि तोही बोलू शकत नाही.

मी ही पानं गंमत म्हणून वाचली होती. तिचं असंबद्ध बोलणं वाचून हसलेसुद्धा होते. नणंद दिवाळीनंतरच्या बैठकीला आली ती पहिला भाग हातात घेऊन, तिसऱ्या प्रकरणात बोट घालून. “वहिनी, हे आठवतंय?” त्या प्रकरणात नॉरेल यॉर्कच्या कॅथीड्रलमधल्या दगडी मूर्तींना बोलतं करतो. एक दगड ओरडून सांगतो की शेकडो वर्षांपूर्वी इथे एका माणसाने एका मुलीचा गळा आवळला, तिच्या केसांत आयव्हीची पानं होती, आणि पाहायला फक्त दगड होते. नणंदेने तो उतारा वाचला, मग दुसरा भाग उघडून लेडी पोलचा एक प्रसंग वाचला, आणि म्हणाली, “ज्या माणसाने दगडाला वाचा दिली, त्यानेच हिची वाचा बंद केली. आणि आपण सगळे विचारतोय की गोष्ट हळू का चालते.”

कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, आमच्या काळारामाच्या काळ्या पाषाणाला वाचा फुटली तर तो २ मार्च १९३० पासूनचं सांगेल, मंदिरप्रवेशासाठी बंद दारासमोर पाच वर्षं बसलेल्या माणसांचं. मग त्यांनी वगळलेली प्रकरणं कोणती, हे नणंदेला विचारून पेन्सिलीने टिपून घेतलं.

त्या रात्रीपासून मी दुसऱ्यांदा वाचायला लागले. यावेळी लेडी पोल आणि स्टीफन जिथे जिथे येतात तिथे थांबते. पहिल्या वाचनात जी पानं रेंगाळलेली वाटली होती त्यातल्या बऱ्याच पानांत हे दोघं एका कोपऱ्यात उभे असतात. सगळीच पानं अशी नाहीत. मधल्या भागातलं युद्ध आजही मला लांबलेलं वाटतं, आणि लंडनच्या मेजवान्यांतली पन्नासेक पानं सहज कमी करता आली असती. स्ट्रेंजची बायको अॅराबेला आणखी दिसायला हवी होती, ही नणंदेची तक्रार मलाही मान्य आहे.

आमच्या सहा जणांत एकमत अजून झालेलं नाही. पहिला भाग काकूंकडे आहे, तिसरा माझ्या उशाशी. दुसरा गेल्या आठवड्यात भाचा मागून घेऊन गेला. पहिला पुरा झालेला नाही, मग दुसरा कशाला, विचारलं तर म्हणाला, “ती बाई काय बोलते तेवढंच बघायचंय.”