संमती आणि वयाचा कायदा: बडोद्यातलं रविवारचं वर्कशॉप, मुलांना घेऊनच जा

मागच्या रविवारी दांडिया बाजारजवळ एका छोट्या हॉलमध्ये पालक आणि मुलं दोघांसाठी मिळून वर्कशॉप होतं, संमती म्हणजे काय आणि वयाचा कायदा काय सांगतो यावर. सकाळी साडेनऊ ते साडेबारा, एका फॅमिलीचे ३०० रुपये, आणि अट एकच, एकटं यायचं नाही, १३ वर्षांच्या वरचं मूल सोबत पाहिजे. मी माझ्या १६ वर्षांच्या मुलाला नेलं. तो यायलाच तयार नव्हता, आई मला सगळं माहितीये, तू जा.

शिकवायला एक वकील मॅडम होत्या, फॅमिलीच्या आणि पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, केसेस लढवणाऱ्या, मराठी बोलता बोलता मधेच गुजराती, आपल्या बडोद्यासारखंच. ओळखपाळख न करता त्यांनी थेट विचारलं, मुलगी १७ वर्षांची आहे, शरीरसंबंधाला ती स्वतःहून हो म्हणाली, तर गुन्हा होतो का? नाही वाटतं त्यांनी हात वर करा. निम्म्याच्या वर हात वर, त्यात माझ्या मुलाचा होता आणि पुढच्या रांगेतल्या दोन आजोबांचा पण होता.

मग त्यांनी फळ्यावर १८ आकडा लिहिला, खाली एक आडवी रेघ मारली आणि तीन तास ती रेघ पुसली नाही. रेघेच्या खाली कायदा त्या होकाराला होकार धरतच नाही. पॉक्सो कायदा २०१२ चा, त्यात १८ च्या आतलं प्रत्येकजण बालक, मुलगा असो की मुलगी. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ६३ मध्ये पण तेच, मुलगी १८ च्या आतली असेल तर संमती असो नसो, बलात्कारच. आणि लग्न झालंय म्हणून सूट नाही, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बायको १८ च्या आतली असेल तर नवऱ्यालाही हे लागू. १८ च्या वरच्या बायकोच्या बाबतीत मात्र नवऱ्याला सूट अजून कायद्यात आहे, यावर एका ताईंनी बरंच विचारलं आणि मॅडमनी काही झाकलं नाही, आहे ते आहे तसं सांगितलं, ते मला आवडलं.

एका मुलाने चिठ्ठीत विचारलं, दोघंही १७ चे असतील तर? हॉल एकदम गप्प झाला. उत्तर असं की कायद्याने दोघंही बालकच, पण तक्रार झाली तर बहुतेक वेळा मुलाचं नाव आरोपी म्हणून येतं, तो बाल न्याय मंडळासमोर जातो, आणि गुन्हा गंभीर आणि मुलगा १६ पूर्ण झालेला असेल तर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का हेही तपासलं जातं. पुष्कळदा तक्रार करणारे मुलीचे घरचेच असतात, प्रकरण पसंत नसतं म्हणून. मग वय १६ का नाही करत, असं कोणीतरी विचारलंच. तर २०२३ मध्ये विधी आयोगाने, म्हणजे कायद्यांबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या आयोगाने, रिपोर्ट दिलाय की १८ कमी करू नका, पण १६ ते १८ मध्ये मुलाची किंवा मुलीची मूक मान्यता दिसत असेल तर शिक्षेबाबत कोर्टाला विवेकाने ठरवू द्या. म्हणजे आज रेघ १८ वरच आहे. माझा मुलगा तेव्हा पहिल्यांदा नीट सरळ बसला.

इतिहास त्यांनी दहा मिनिटांत उरकला, मला अजून चालला असता. १८६० च्या दंडसंहितेत हे वय फक्त १० होतं. फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची बंगालमधली मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीमुळे वारली आणि मग १८९१ मध्ये १२ झालं, तेही टिळकांसारख्यांचा विरोध असताना. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला तेव्हा मुलीचं वय १२ आणि मुलाचं १६ धरलं होतं. आणि रखमाबाई, लहानपणीच लग्न लावलेल्या, ज्यांना कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा सांगितलं आणि त्या तुरुंगात जायला तयार झाल्या, त्याच पुढे डॉक्टर होऊन सुरतेला कितीतरी वर्षं होत्या, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, आणि मला हे आज कळतंय.

पण ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते चहानंतर झालं. मॅडमनी एका दहावीतल्या मुलाच्या हातात श्रीखंडाचा डबा दिला आणि समोर बसलेल्या काकूंना वाढ म्हणाल्या, आपल्या घरी वाढतात तसं. काकू म्हणाल्या पुरे रे, वाटीवर हात आडवा धरला. तो म्हणाला अहो काकू एवढंसं घ्या, माझ्यासाठी घ्या, आणि हाताच्या कडेने चमचा आत सरकवला, थोडं श्रीखंड त्यांच्या बोटांवर पण सांडलं. सगळे हसले. मॅडमनी काकूंना विचारलं, तुम्हाला खरंच नको होतं का? काकू म्हणाल्या, नकोच होतं, मला शुगर आहे. मग घेतलंत का? तर म्हणाल्या, इतका आग्रह केला त्याने, त्याला वाईट वाटेल म्हणून. मॅडमनी फळ्यावर रेघेच्या वर हीच दोन वाक्यं लिहिली. इतका आग्रह केला. वाईट वाटेल म्हणून. आणि म्हणाल्या, माझ्या ऑफिसमध्ये बसून मुली हेच बोलतात, शब्द तेच, फक्त तिथे श्रीखंड नसतं. काकू रुमालाने बोटं पुसत राहिल्या, नंतर कोणी हसलं नाही.

त्यावर कायदा सांगितला तो मग लगेच डोक्यात बसला. १८ च्या वर संमती म्हणजे स्वतःच्या मर्जीने दिलेला स्पष्ट होकार, शब्दाने, खुणेने, कसाही, पण त्या ठरावीक गोष्टीसाठी. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही. भीती घालून, नशेत, फसवून घेतलेला होकार टिकत नाही, लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवले तर त्याला आता वेगळं कलम ६९ आहे. आग्रह आपल्या पंगतीतलं प्रेम आहे हे मॅडमनाही मान्य होतं, पण नको म्हणणाऱ्याच्या हाताकडे बघायची सवय मुलांना ताटापासूनच लावा म्हणाल्या. मला ते पटलं. मी स्वतः वर्षानुवर्षं पाहुण्यांच्या आडव्या हातावरून वाढत आलेय.

मग तक्रारीचा भाग. १८ च्या आतल्या कोणाबरोबर असं काही झालंय किंवा होईल असं कळलं तर पोलिसांना सांगणं कंपल्सरी आहे, लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. लहान मुलांना ही शिक्षा नाही, मोठ्यांना आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, पोलिसांनी वर्दीत यायचं नाही, रात्री मुलाला स्टेशनात ठेवायचं नाही. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर मूल स्वतः फोन करू शकतं. हे ऐकताना मला आमची जुनी सोसायटी आठवत होती. तिथे ट्यूशनच्या एका सरांबद्दल मुली कुजबुजायच्या, आमची पुतणी तिथे जायची, आम्ही तिची ट्यूशन बंद केली आणि विषय संपला असं धरलं. बाकीच्या मुली जातच राहिल्या. तेव्हा हा कायदा होता. आम्हाला माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर विचारलंही नाही कोणाला.

आता कमी काय वाटलं ते. प्रश्नांच्या चिठ्ठ्यांना शेवटी वीसच मिनिटं दिली, अर्ध्याहून जास्त न वाचताच राहिल्या. १८ च्या वरच्या मुलावर असं झालं तर काय, या चिठ्ठीला एकाच वाक्यात उत्तर मिळालं की नव्या संहितेतलं बलात्काराचं कलम फक्त बाईवर झालेल्या गुन्ह्याचं आहे, आणि पुढे गेल्या. ज्याने लिहिलं असेल त्याला एवढ्यावर घरी पाठवायला नको होतं. फोटो आणि चॅटचा विषय तर पाच मिनिटांत, आणि आमच्या मुलांचं निम्मं आयुष्य तिथेच आहे. मागच्या रांगेत माईक नीट ऐकू येत नव्हता. हातात दिलेला कागद फक्त मराठीत, शेजारच्या गुजराती बेनला मला वाचून दाखवावा लागला.

तरी ३०० रुपयांत हे कमीच आहे, मी पाचपैकी साडेचार देते. पुढच्या महिन्यात परत आहे, जागा चाळीसच, आठ दिवस आधी नाव द्या, गाडी रावपुऱ्याकडे लावून चालत या. उरलेल्या चिठ्ठ्यांसाठी वेगळा रविवार ठेवा म्हणून मी रजिस्टरमध्ये लिहून आलेय, आणि खाली माझ्या मुलाने पण सही केलीये, मी न सांगता.