पीआरपी: बिलावर सगळे आहे, प्लेटलेट्सचा आकडा नाही

पीआरपीचे, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सनी (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशींनी) दाट केलेला द्रव केसगळतीसाठी टाळूत टोचण्याच्या उपचाराचे, दुसरे पॅकेज आगाऊ भरल्यास सवलत मिळेल, असे क्लिनिकमधून कळवण्यात आले तेव्हा मी एकच माहिती मागितली: आतापर्यंत माझ्या टाळूत जे टोचले, त्यात प्लेटलेट्स किती होत्या? ‘मॅडम, आमचे मशीन इम्पोर्टेड आहे,’ असे उत्तर मिळाले. हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण हे उत्तर आहे.

माझी तक्रार भांग रुंद होत जाण्याची होती. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडचे अहवाल ठीक निघाल्यावर डॉक्टरांनी डर्मोस्कोपमधून (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून) जाड आणि बारीक केसांची सरमिसळ मला पडद्यावर दाखवली आणि हे आनुवंशिक विरळपण असल्याचे समजावून सांगितले. हा भाग त्यांनी चोख केला, याबद्दल दुमत नाही. आजारपणानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी जी केसगळती सुरू होते ती बहुधा आपोआप थांबते, त्यामुळे निदान न करताच सुया टोचणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे. दुखण्याबद्दल फार लिहीत नाही. बधिर करणारे मलम लावूनही कपाळालगतच्या सुया झोंबतात आणि संध्याकाळपर्यंत डोके जड राहते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणतात, म्हणून त्या घेऊ नयेत असे बजावले होते.

माझा खरा आक्षेप नळीबद्दल आहे. सेंट्रीफ्यूजमधून, म्हणजे नळी वेगाने फिरवून रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या यंत्रातून, बाहेर आलेल्या नळीत तळाशी गडद लाल थर, वर गवती पिवळा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आणि दोहोंच्या मध्ये पांढुरकी रेघ दिसते. प्लेटलेट्सची दाटी या रेघेच्या लगत असते आणि वरचा प्लाझ्मा त्या मानाने विरळ असतो. नर्सबाईंनी मात्र सगळा पिवळा भाग सरसकट सिरिंजमध्ये ओढला. आता हिशेब पाहा. रक्तात सामान्यतः एका मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात आणि पीआरपीत त्या दहा लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण चौपट असाव्यात, असा निकष सर्रास सांगितला जातो. रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग प्लाझ्माच असतो. म्हणजे एकूण एक प्लेटलेट वर आली असे धरले, तरी सगळा प्लाझ्मा घेतल्यावर प्रमाण दुपटीपर्यंतही पोहोचत नाही. चौपट हवे असेल तर वरचा पातळ भाग टाकून द्यावा लागतो किंवा नळी दुसऱ्यांदा फिरवावी लागते. दुसऱ्यांदा फिरवण्यात वेळ जातो आणि वरचा भाग टाकला तर सिरिंज भरलेली दिसत नाही, हे त्यामागचे कारण असावे, असा माझा तर्क आहे.

एवढे समजल्यावर पैसे पाण्यात गेले असेच मी धरून चालले होते, आणि पहिल्या सिटिंगनंतर केस अधिक गळू लागल्याने ते मत पक्केही झाले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत आरशात काही दिसत नाही हे खरे असले, तरी पैसे भरलेल्या माणसाला तेवढा धीर धरवत नाही. पुढे तिसरी सिटिंग झाल्यावर मात्र भांगाच्या दोन्ही कडांना आखूड, उभे राहणारे केस दिसू लागले आणि उशीवरचे केसही कमी झाले. त्यामुळे हा निव्वळ फसवणुकीचा धंदा आहे, असे आता मला म्हणता येणार नाही.

तरीही श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न उरतोच, कारण त्याच सुमारास मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचे औषधही सुरू केले होते. स्त्रियांसाठीच्या २ टक्के मिनॉक्सिडिलला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९१ मध्ये मान्यता दिली, तर केसगळतीवरच्या पीआरपीला तशी मान्यता नाही. मिनॉक्सिडिलची बाटली पीआरपीच्या तुलनेत फारच स्वस्त पडते, आणि सुरुवातीला गळती वाढवण्याचा दोष तिच्याकडेही जातो. शिवाय क्लिनिकने दाखवलेल्या छायाचित्रांत ‘आधी’चे केस ओले आणि डोक्यावर प्रखर दिवा, तर ‘नंतर’चे केस कोरडे आणि फुलवलेले होते, ती मी पुरावा म्हणून धरलेली नाहीत.

परिणाम टिकवण्यासाठी चार-सहा महिन्यांनी एक सिटिंग घ्यावी लागते, हे पॅकेज विकताना अगदी ओझरते सांगितले गेले होते. पुढचे पॅकेज मी घेतलेले नाही. एकेक सिटिंग सुटी घेईन, तीही नळी दोनदा फिरवणार असतील आणि तयार पीआरपीचा थोडा नमुना पेशी मोजणाऱ्या यंत्रात घालून आकडा बिलावर लिहून देणार असतील तरच, असे मी लेखी कळवले आहे. त्यावर सवलत वाढवून मिळाली आहे. आकड्याबद्दल अजून कोणी काही बोललेले नाही.