आंद्रिया डोरियाचं मॉडेल किट: जहाज झकास, दोरा टाकाऊ

दुकानदार टायटॅनिक गळ्यात मारायला बघत होता. "काका, हेच जातं." मला आंद्रिया डोरियाच हवं होतं, 1956 साली बुडालेलं ते इटालियन प्रवासी जहाज. बुधवार पेठेतल्या त्या दुकानात ते वरच्या फळीवर धूळ खात पडलेलं, म्हणून अडीच हजारांत सुटलं.

स्केल 1:600, म्हणजे 213 मीटरचं जहाज साधारण 35 सेंटिमीटरांत. सांगाड्याचे दोन्ही भाग असे चपखल बसतात की पुट्टी लागतच नाही. तिन्ही वर्गांचे पोहण्याचे तलाव वेगवेगळे दाखवलेत, ही खरी कारागिरी. धुरांड्यावरच्या हिरव्या पट्ट्याचं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) मात्र पाण्यात टाकताच तुकडे-तुकडे झालं. पट्टा ब्रशनेच ओढला. पावसाळ्यात रंग वाळता वाळत नाही, तो दोष किटचा नव्हे.

स्टँड वाकडा आहे. जहाज उजवीकडे कलतं. दुसऱ्या कुठल्या जहाजाला चाललं असतं हो! लाइफबोटी दोन्हीकडे आठ-आठ. जहाज असं कललं की डावीकडच्या आठ बाहेर झुलायच्या ऐवजी डेककडे झुकतात, डोळ्यांना स्पष्ट दिसतं. 25 जुलै 1956 च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ हेच झालं. धुक्यात स्वीडिश जहाज 'स्टॉकहोम'चं, बर्फासाठी मजबूत केलेलं नाक उजव्या कुशीत घुसलं. तिकडच्या इंधनाच्या टाक्यांत पाणी शिरलं, डावीकडच्या रिकाम्याच राहिल्या, आणि कल वीस अंशांच्या वर गेला. लाइफबोटींत सगळ्यांना पुरेल एवढी जागा होती, पण निम्म्या खाली सोडताच येईनात. जहाज बुडायला अकरा तास लागले आणि 'इल द फ्रान्स' हे फ्रेंच प्रवासी जहाज मागे वळून आलं, म्हणून 1,660 माणसं वाचली. डोरियावरची 46 गेली. माहितीपत्रकात यातलं अवाक्षर नाही, नुसतं 'आलिशान इटालियन जहाज'. अरे, निदान तारीख तरी छापा!

लाइफबोटी टांगायचे हुक तांदळाच्या कणीएवढे, चिमट्याशिवाय हात लावू नका. पत्रकात लाइफबोटी आधी आणि डोलकाठ्यांचे दोर नंतर लावायला सांगितलंय. उलटं करा, नाहीतर कोपर लागून सगळं निघेल. सोबतचा दोरा केसाळ आहे. मी बायकोच्या शिवणाच्या डब्यातला बारीक नायलॉनचा वापरला, तिला अजून सांगितलेलं नाही.

पहिलंच किट म्हणून घेऊ नका. हात बसलेला असेल तर जरूर घ्या, मात्र डेकल आणि स्टँड दुकानातच पेटी उघडून तपासा. दुकानदार कुरकुर करतो, पण उघडू देतो.