आयफोनमध्ये हॉस्पिटलचे रेकॉर्ड: कोविडभर वापरून काय कळलं

अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो, डायबेटिस जुना आहे, त्यामुळे क्लिनिक बंद होऊन सगळं व्हिडिओवर आलं तेव्हा आयफोनच्या हेल्थ ॲपमधलं हेल्थ रेकॉर्ड्स चालू केलं. फीचर 2018 पासूनचं, पण तोवर लक्षच गेलं नव्हतं. हॉस्पिटल शोधायचं, त्यांच्या पोर्टलचाच (पेशंटसाठीच्या वेबसाइटचा) आयडी-पासवर्ड टाकायचा, की लॅब रिपोर्ट, औषधं, ॲलर्जी, लशी आपोआप येतात. माझा डोळ्यांचा डॉक्टर वेगळ्या सिस्टीमवर आहे, आधी व्हिडिओवर कुणी "मागचं एवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) किती होतं" विचारलं की पोर्टलं उघडत बसायचो, आता ग्राफ समोर असतो. फक्त एका लॅबनं तीच टेस्ट वेगळ्या कोडखाली पाठवली त्यामुळे एवनसीच्या दोन वेगळ्या रेषा दिसतात, ते अजून तसंच आहे.

5 एप्रिल 2021 पासून इथं क्युअर्स ॲक्ट या अमेरिकी आरोग्य कायद्याचा नियम लागू झाला (व्हायचा होता नोव्हेंबर 2020 मध्ये, कोविडमुळे पुढं ढकलला), हॉस्पिटलनं रिपोर्ट उगाच अडवायचा नाही. चांगलंच आहे, पण आता डॉक्टरच्या आधी मलाच दिसतो, आणि रात्री अकराला क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) रेंजच्या बाहेर दिसलं की झोप गेलीच. बायको म्हणते नोटिफिकेशन बंद कर.

लशीचं मात्र बेस्ट. आयओएस 15 (आयफोनचं सॉफ्टवेअर) आल्यावर सर्टिफिकेटचा क्यूआर स्कॅन केला की ते हेल्थ ॲपमध्ये येतं, आणि त्यात डिजिटल सही असते म्हणून खरं-खोटं तपासता येतं, सीडीसीचं (अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेचं) तेव्हाचं कागदी कार्ड तर कुणीही छापलं असतं.

खरा वैताग शुगरच्या ॲपचा, नाव लिहीत नाही. त्यानं माझे हॉस्पिटलचे रेकॉर्ड मागितले, मी दिले, पण माझी रोजची रीडिंग उलटी डॉक्टरकडं जायची काही सोय नाही. क्लिनिकला विचारलं तर पीडीएफ काढून फॅक्स करा म्हणाले, 2021 मध्ये फॅक्स! आणि आपण परवानगी देऊन डेटा असल्या ॲपकडं गेला की तिथं बहुतेक वेळा हिपा (आरोग्याची माहिती खाजगी ठेवायचा अमेरिकी कायदा) लागत नाही, हे ॲपवाले मोठ्या अक्षरात कशाला सांगतील. हॉस्पिटलच्या पोर्टलवर जोडलेल्या ॲपची यादी असते, तिथून तोडता येतं, पण आधी गेलेलं त्यांच्याकडंच राहतं, ते डिलीट करायला वेगळं सांगावं लागतं.

मी तोडलं. हेल्थ रेकॉर्ड्स चालू ठेवलंय. शुगरचे आकडे आता पोर्टलच्या मेसेजमध्ये हातानं टाईप करून पाठवतो, नर्स निदान वाचते तरी.