भारतीय सांकेतिक भाषा ऑनलाइन शिकताना : शब्दकोश, अभ्यासक्रम की थेट वर्ग?

सांकेतिक भाषा शिकायचे ठरवून इंटरनेटवर शोध घेतला, की समोर येणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकी सांकेतिक भाषेचे असतात. त्यांतले काही फार चांगले आहेत. बिल विकर्स यांची ‘लाइफप्रिंट’ ही मोफत पाठमाला तर मन लावून पाहावी अशी आहे. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात कर्णबधिर मूल असेल, तर त्या घराने निःशंकपणे तिथूनच सुरुवात करावी, कारण त्या मुलाची शाळा आणि मित्रमंडळी त्याच भाषेत बोलणार आहेत. पुण्यात किंवा नांदेडमध्ये राहणाऱ्यासाठी मात्र ती परकी भाषा ठरते. अमेरिकेत मुळाक्षरे एका हाताने दाखवतात, तर आपल्याकडे बहुतांश इंग्रजी अक्षरांना दोन्ही हात लागतात. शब्दांचे संकेत आणि वाक्यरचनाही वेगळी आहे. म्हणून व्हिडिओ कोणत्या देशातल्या भाषेचा आहे, हे आधी पाहावे.

भारतीय सांकेतिक भाषेसाठी सर्वांत भरवशाचे ठिकाण म्हणजे दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र. त्याच्या शब्दकोशाची पहिली आवृत्ती २०१८ मध्ये ३,००० शब्दांची होती; २०२१ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत ती संख्या १०,००० वर गेली आणि त्यात रोजच्या व्यवहाराबरोबर कायदा, वैद्यक, शेती या क्षेत्रांतले शब्दही आले. त्याच शब्दसंग्रहावर आधारलेले ‘साइन लर्न’ हे ॲप २०२२ मध्ये निघाले. एखादा संकेत अडला, तर तो शोधायला याहून सोयीचे साधन मला माहीत नाही.

तरीही केवळ शब्दकोशावर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मी स्वतः सुरुवातीला दोनशेच्या आसपास शब्द पाठ केले आणि नात्यातल्या एका कर्णबधिर मुलीसमोर बसले, तेव्हा ‘तू कुठे राहतेस?’ एवढेही मला नीट विचारता आले नाही. मराठीच्या क्रमाने मी ‘कुठे’चा संकेत मध्ये घातला होता, या भाषेत तो वाक्याच्या शेवटी येतो. शिवाय ‘हो-नाही’चा प्रश्न असेल, तर डोळे मोठे होतात आणि डोके किंचित पुढे झुकते. हे सारे व्याकरण आहे, आणि सुटा शब्द दाखवणाऱ्या व्हिडिओत ते दिसत नाही.

ही उणीव त्याच केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेला प्राथमिक स्वयंअध्ययन अभ्यासक्रम बऱ्याच अंशी भरून काढतो, कारण त्यात विषयवार आणि संवादाच्या अंगाने शिकता येते. नोकरी सांभाळून, आपल्या गतीने शिकणाऱ्याने तो निवडावा. प्रमाणपत्रासाठी परीक्षाच द्यायची असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत माध्यमिक स्तरावर भारतीय सांकेतिक भाषा हा विषय घेता येतो.

स्वयंअध्ययनाची खरी अडचण ही, की आपले हात कोणी पाहत नाही. पडद्यावरच्या शिक्षकाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. तसेच अनुकरण केले, तर उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचा डावा हात पुढे होतो आणि ती सवय महिनोन्‌महिने जात नाही. थेट ऑनलाइन वर्गात शिक्षक हे पहिल्याच दिवशी थांबवतो. पैसे मोजावे लागले, तरी आठवड्यातून दोन तास असा वर्ग असावाच, असे माझे मत आहे. मात्र शिक्षक स्वतः कर्णबधिर आहे का, हे प्रवेशापूर्वी विचारावे. मी एकदा अशा वर्गाला शुल्क भरले, जिथे ऐकू येणारे शिक्षक हिंदी वाक्य बोलत आणि त्याच क्रमाने एकेक संकेत दाखवत. तिथे शिकलेले पुढे सगळे विसरावे लागले.

मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि बंगळुरू येथल्या संकेतांत फरक आढळतात, व्याकरण मात्र मोठ्या प्रमाणावर एकच आहे. त्यामुळे शब्दकोशातला संकेत आणि शेजारच्या कर्णबधिर काकांचा संकेत जुळला नाही, तर काकांचा संकेत उचलावा आणि शब्दकोशातलाही लक्षात ठेवावा. ज्यांना घरातल्या मुलासाठी शिकायचे आहे, त्यांनी अभ्यासक्रम पूर्ण होण्याची वाट पाहू नये; जेवणाच्या ताटाशी लागणारे भात, पाणी, अजून, पुरे हे चार संकेत आज शब्दकोशात शोधून आज रात्रीच वापरावेत आणि येत्या आठवड्यातच थेट वर्गाची चौकशी करावी.