कागदी कपातला गोंगफू चहा : रत्नागिरीच्या टेकअवे काउंटरवर

टेकअवेमध्ये चिनी चहा म्हटलं की गरम पाण्यात बुडवलेली पुडी डोळ्यांसमोर येते. रत्नागिरीतल्या या छोट्या काउंटरवर तसं नाही. इथे चहा गोंगफू पद्धतीने करतात, म्हणजे छोट्या वाटीत भरपूर पत्ती घालून तिच्यावर थोड्या थोड्या वेळासाठी अनेकदा पाणी ओततात. प्रत्येक ऑर्डरला पत्ती काट्यावर तोलली जाते : ११० मिलीच्या गायवानला, म्हणजे झाकणाच्या वाटीला, ६ ग्रॅम. वाटी आधी कढत पाण्याने विसळून घेतात, मग पत्ती, मग उकळतं पाणी. हे विसळायचं पाणी लगेच टाकून देतात, मोजणीत धरत नाहीत. वाया गेलं असं समजू नका, घट्ट वळलेली पत्ती त्यानेच सुटू लागते.

सगळ्यात चांगला कप तिएग्वानयिनचा. हा फुजियान प्रांतातल्या आनशीचा ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार. सुरुवातीला वाटाण्याएवढ्या गडद हिरव्या गोळ्या वाटीचा तळ जेमतेम झाकतात. तिसऱ्या पाण्यापर्यंत अख्खी पानं उलगडून झाकण वर उचलायला लागतात. ही तीन पाणी ठेवतात अनुक्रमे १५, २० आणि ३० सेकंद. तिन्ही पाणी काचेच्या भांड्यात एकत्र करून मगच कपात ओततात आणि इथेच या दुकानाची समज दिसते. पहिल्या पाण्यात वास जास्त, दुसऱ्यात दाटपणा, तिसऱ्यात गोडवा. एकच पाणी पाच मिनिटं मुरवलं असतं तर नुसता तुरटपणा उतरला असता.

लाँगजिंग हा हिरवा चहा मात्र घेऊ नका. सगळ्या चहांना एकच किटली, तीही उकळती. हिरव्या चहाला ८० अंशांच्या आसपासचं पाणी पुरतं, त्याहून कढत पाण्यात तुरट द्रव्यं भराभर सुटतात आणि घोट कडू होतो. उपाय सोपा आहे : पाणी आधी दोन थंड भांड्यांतून फिरवायचं. गर्दी नसेल तेव्हा सांगून बघा, करून देतात.

पाणी आरओचं आहे. क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात, म्हणून चहा किंचित सपाट लागतो. जांभ्यातल्या गोड्या विहिरीचं गाळलेलं पाणी याहून उजवं ठरेल, खाडीलगतचं मचूळ पाणी मात्र अजिबात नको.

पार्सलमध्ये पत्ती कपात टाकत नाहीत, हे उत्तम. पण ओतल्या ओतल्या झाकण दाबतात. वाफ आत कोंडते आणि फुलांचा वास जाऊन उकडलेल्या पाल्याचा वास उरतो. दोन मिनिटं उघडा ठेवायला सांगा. मांडवीच्या किनाऱ्यावर बसून प्यायचा असेल तर काचेची बाटली न्या. रोज दुधाचा चहा भरला जाणारा थर्मास नको, त्याच्या बुचाचा वास या चहात लगेच उतरतो.

सुटी पत्तीही मिळते, पण ती काचेच्या बरण्यांत, उजेडात मांडलेली. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत ओल इतकी असते की बरणी दिवसातून दहादा उघडली की पत्ती मऊ पडते. पुएरच्या, म्हणजे दाबून मुरवलेल्या चहाच्या, वड्यांवर तर बुरशी धरू शकते. जून ते सप्टेंबर सीलबंद २५ ग्रॅमचं पाकीटच घ्या आणि घरी सुक्या मासळीपासून, मसाल्यांपासून लांब, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

एक गोष्ट आवर्जून मागा : वापरलेली पत्ती. तीन पाण्यांनंतर ती टाकून देतात, पण ऊलाँगमध्ये अजून तीन-चार पाणी सहज निघतात. डबीत भरून न्या, घरी उकळत्या पाण्यात ४५ सेकंदांपासून सुरुवात करा आणि दर वेळी थोडा वेळ वाढवत जा. त्याच दिवशी संपवा, आपल्या उकाड्यात ओली पत्ती रात्रभरात आंबते.