मिहानमधली मोठी कंपनी की आठ जणांचं स्टार्टअप?

दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी दोन ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे येतं. एक नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या मोठ्या सेवा कंपनीचं (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करणारी) असतं, दुसरं परसोडीच्या आयटी पार्कजवळ दोन खोल्यांत चालणाऱ्या स्टार्टअपचं. मी पाच वर्षं पहिल्या प्रकारच्या कंपनीत आणि सहा वर्षं दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी काम केलंय. घरात काय बोलणं होतं तेही मला ठाऊक आहे. "नाव असलेली कंपनी सोडून त्या पोट्ट्यांच्या मागे कशाला जातोस?" आईबाबांची काळजी खरी असते. फक्त कंपनीच्या नावावरून निर्णय घेता येत नाही.

आधी पैशाचं बघू. सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणारा एकूण खर्च, बाजूला ठेवा आणि दर महिन्याला खात्यात किती जमा होणार ते विचारा. मोठ्या कंपनीच्या आकड्यात व्हेरिएबल पे (कामगिरीनुसार कमी-जास्त होणारा पगार), पीएफमधला कंपनीचा वाटा, कधी ग्रॅच्युइटीही धरलेली असते. स्टार्टअपच्या आकड्यात बऱ्याचदा ईसॉप्स, म्हणजे कंपनीचे शेअर्स ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क, असतात, आणि तिथेच जास्त मुलं फसतात. साधारण पद्धत अशी: हा हक्क चार वर्षांत थोडाथोडा तुमचा होतो आणि पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत नोकरी सोडली तर काहीच मिळत नाही. समजा तुम्हाला १००० शेअर्स १० रुपयांनी घ्यायचा हक्क आहे आणि घेताना एका शेअरचं मूल्य ५०० रुपये ठरलं. मधला ४,९०,००० रुपयांचा फरक तुमचं त्या वर्षीचं उत्पन्न मानला जातो. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर जवळपास दीड लाख रुपये कर भरावा लागतो, तोही शेअर विकायला गिऱ्हाईक नसताना. काही ठरावीक पात्र स्टार्टअपना हा कर पुढे ढकलण्याची सवलत आहे, सगळ्यांना नाही. म्हणून माझा हिशेब सरळ आहे: ईसॉप्सची किंमत शून्य धरा आणि उरलेल्या पगारावर घर चालतं का ते पाहा.

पीएफचा कायदा साधारणपणे २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागू होतो, तेव्हा आठ जणांच्या कंपनीत तो नसण्याचीच शक्यता जास्त. मोठ्या कंपनीतल्या कायम नोकरीत पाच वर्षं काढली आणि महिन्याचं मूळ वेतन ३०,००० असेल, तर ग्रॅच्युइटी साधारण ८६,५०० रुपये होते. मेडिक्लेममध्ये आईवडील धरलेत का हे दोन्हीकडे विचारा.

आता शिकण्याचं. माझ्या मते निर्णय इथे व्हायला हवा.

मोठ्या कंपनीत माझे पहिले पाच महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टची वाट बघत, गेले. मग एका बँकेचा सपोर्ट प्रोजेक्ट, म्हणजे चालू सॉफ्टवेअर सांभाळायचं काम, मिळाला आणि रात्रीची शिफ्ट लागली. नवीन कोड मी वर्षभर लिहिलाच नाही, दुसऱ्यांनी लिहिलेला जुना जावा कोड वाचत बसलो. तेव्हा जीव कंटाळायचा. पण तिथे एक शिस्त होती: बदल मागे कसा घ्यायचा हे लिहून दिल्याशिवाय प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरला, हात लावू देत नसत, आणि प्रत्येक ओळ एक सिनियर ताई वाचायच्या. एकदा त्यांनी माझा चाळीस ओळींचा बदल चार वेळा परत पाठवला. त्या चार फेऱ्यांत मला जे कळलं ते कॉलेजच्या चार वर्षांत कळलं नव्हतं.

स्टार्टअपमध्ये आम्ही नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी हिशेबाचं ॲप बनवत होतो. एसीच्या खोलीत बसून अकरा रकान्यांचा छान फॉर्म तयार केला. आंबिया बहाराच्या हंगामात पहाटे बाजारात जाऊन उभं राहिलो तेव्हा दिसलं की संत्र्याचा लिलाव इतक्या झपाट्याने पुढे सरकतो की मुनीमजी वहीतच लिहितात आणि दुपारी निवांत ॲप भरतात. आठवड्याभरात अकराचे तीन रकाने केले: शेतकरी, वजन, भाव. मग वही मिटली. आपण लिहिलेलं वापरणारा माणूस समोर उभा आहे आणि अडला की आपल्याकडे बघतोय, हा अनुभव सपोर्ट तिकिटांतून, म्हणजे लेखी तक्रारींतून, मिळत नाही.

त्याच स्टार्टअपमध्ये एका रात्री मी डेटाबेसमधल्या नोंदी बदलणारी अपडेटची क्वेरी व्हेअरची (कोणत्या नोंदी बदलायच्या ती) अट न लावता चालवली आणि सगळ्या शेतकऱ्यांच्या नोंदींवर एकच भाव चढला. बॅकअप होता, पण तो परत चढवून कुणी कधी पाहिला नव्हता. उजाडेपर्यंत बसलो. बँकेच्या प्रोजेक्टवर मला हे करताच आलं नसतं. इथे अडवणारं कुणी नव्हतं, आणि अंगवळणी पडलेली सवय मी घाईत सोडली होती.

म्हणून फ्रेशर असाल तर पगारात थोडा फरक पडला तरी जिथे कुणीतरी तुमचा कोड रोज वाचणार आहे तिथे जा. मुलाखतीत थेट विचारा: कोड रिव्ह्यू कोण करतं, शेवटचा बॅकअप परत चढवून कधी पाहिला, मागचं रिलीज बिघडलं तेव्हा काय केलं? स्टार्टअपमध्ये याची नीट उत्तरं मिळाली तर बेधडक जा. मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट कोणता मिळणार हे आधी सांगत नाहीत, तेवढी जोखीम तिथेही आहे.

दोन-तीन वर्षांचा अनुभव असेल तर माझा कल स्टार्टअपकडे, पण सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तरच. आमच्याकडे एका वर्षी सलग तीन महिने पगार लांबला. मालकांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. आजचा खर्च धरून कंपनीकडचे पैसे किती महिने पुरतील, हे आम्हीच विचारलं नव्हतं. नुकतंच गृहकर्ज घेतलं असेल किंवा घरात तुमचा एकट्याचाच पगार येत असेल, तर सध्या मिहानच बरं.

आणि नोटीस पिरियड वाचा. मोठ्या सेवा कंपन्यांत तो बऱ्याचदा ९० दिवसांचा असतो, आणि आठ जणांची कंपनी तुमच्यासाठी तीन महिने क्वचितच थांबते. मी हललो तेव्हा राजीनाम्याआधीच स्टार्टअपकडून रुजू होण्याची तारीख लेखी घेतली, आणि शेवटचे दोन महिने शनिवार-रविवारी त्यांच्या खोलीत बसून कोड वाचला.